माहिती अधिकाराचा पहिला अर्ज: कोकणातल्या गावकऱ्यांसाठी आणि चाकरमान्यांसाठी

समुद्राकडचा धूपप्रतिबंधक बंधारा खचतो, चक्रीवादळाच्या भरपाईच्या यादीत शेजारच्या वाडीची नावं येतात आणि आपल्या वाडीची येत नाहीत, किनाऱ्यालगत एकाएकी रिसॉर्टचा पाया खणला जातो. ग्रामसभेत विचारलं तर ‘वरून आलंय’ एवढंच उत्तर मिळतं. मग कुणीतरी सांगतं, ‘आरटीआय टाक.’ अर्ज टाकायला बसलं की शब्द आडवे येतात: सार्वजनिक प्राधिकरण, जन माहिती अधिकारी, त्रयस्थ पक्ष, व्यापक लोकहित. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये खासगीपणाच्या नव्या कायद्यामुळे माहिती अधिकाराच्या एका महत्त्वाच्या कलमाची भाषा बदलली. त्यामुळे जुने नमुने उतरवून टाकलेले अर्ज आता जास्त सहज फेटाळले जाऊ शकतात.

हा लेख पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. ज्या क्रमाने काम करावं लागतं त्याच क्रमाने शब्द समजावले आहेत.

आधी ठरवा: आरटीआयची गरज आहे का?

बरेच कागद आरटीआयशिवाय लवकर मिळतात. सातबारा, आठ-अ आणि फेरफार महाभूमीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. जमिनीच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे ‘इंडेक्स टू’, दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, कारण स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही आणि तिची सूची नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार कुणालाही पाहायला खुली आहे. दाखला किंवा नोंद करून हवी असेल तर तो सेवेचा विषय झाला. त्यासाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. ‘माझा फेरफार मंजूर करा’ असं आरटीआयमध्ये लिहिलं तर काही होत नाही. ‘माझ्या फेरफार अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी, टिपण्या व आदेशांच्या प्रती द्या’ असं लिहिलं तर मात्र फाईल हलते, कारण ती कुठे आणि कुणाच्या टेबलावर अडली हे कागदावर येतं.

हाच फरक पुढे सगळीकडे लागू पडतो. माहिती अधिकार कायद्यातली माहिती म्हणजे कार्यालयाकडे आधीपासून असलेलं काहीही: आदेश, परिपत्रक, टिपणी, ई-मेल, करार, अहवाल, लॉगबुक, नमुना, संगणकातली आकडेवारी. बंधारा का खचला, जबाबदार कोण, कारवाई कधी करणार, असे प्रश्न त्यात बसत नाहीत. कार्यालयाने तुमच्यासाठी नवं मत तयार करावं किंवा विखुरलेल्या कागदांतून नवी माहिती जुळवून द्यावी अशी सक्ती कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याच निकालाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही मिळाला. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा, आणि तोही त्याच्या नावाने मागा.

कागदाचं नाव माहीत नसेल तर आधी ते शोधा. सरकारी बांधकामाच्या फाईलमध्ये ठरलेले कागद असतात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला. यातली मोजमाप पुस्तिका, जिला बांधकाम खात्यात सगळे ‘एमबी’ म्हणतात, ती सर्वात बोलकी. कुठल्या तारखेला, किती लांबीचं, किती जाडीचं काम मोजलं आणि त्यावर कुणी सही केली, हे तिच्यात असतं. एमबीची प्रत आणि मोजपट्टी घेऊन बंधाऱ्यावर गेलात की पुष्कळशा प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे मिळतात. करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत काम खराब झालं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. ही मुदत संपण्याआधी अर्ज गेला तर त्याचा गावाला थेट उपयोग होतो, म्हणून पहिल्या पावसाळ्यातच हा कागद मागावा असं मी आग्रहाने सांगेन.

कायदा झेरॉक्सवर थांबत नाही. कामाची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं, प्रमाणित प्रती घेणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे सगळं ‘माहितीच्या अधिकारा’च्या व्याख्येतच आहे. रस्त्याचं डांबर किंवा बंधाऱ्याचं काँक्रीट यांचा नमुना मागता येतो. ही तरतूद फार कमी लोक वापरतात.

कुणाकडे मागायचं?

कायदा सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे: संविधानाने, कायद्याने किंवा शासनाच्या अधिसूचनेने स्थापन झालेली संस्था, तसंच शासनाच्या मालकीची, नियंत्रणाखालची किंवा शासनाच्या मोठ्या अर्थसाहाय्यावर चालणारी संस्था. ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा परिषद, महावितरण, एसटी महामंडळ, सागरी मंडळ, सगळी त्यात आली. प्रत्येक प्राधिकरणाने अर्ज घेऊन उत्तर देण्यासाठी नेमलेला माणूस म्हणजे जन माहिती अधिकारी. ग्रामपंचायतीत हे काम सहसा ग्रामसेवकाकडे असतं. त्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे.

कोकणात घोळ होतो तो केंद्र आणि राज्य यांच्यात. कोकण रेल्वे केंद्राकडची. तिच्याकडे अर्ज केला तर केंद्राचे फीचे नियम लागतात आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं. मुंबई-गोवा महामार्गाचं आणखी वेगळं. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्याच्या पुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे राहिला आहे. वडखळचा माणूस आणि कणकवलीचा माणूस एकाच रस्त्याबद्दल वेगवेगळ्या दारात अर्ज करतो.

चुकीच्या दारात गेलात तरी अर्ज बाद होत नाही. कलम ६(३) नुसार अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत तो योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतरित करून तुम्हाला तसं कळवायचं असतं. ‘हा विषय आमच्याकडे नाही’ एवढं लिहून अर्ज परत पाठवणं कायद्यात बसत नाही. उत्तरात तसं आलं तर पहिल्या अपिलात हा मुद्दा पहिल्या ओळीत घ्या.

मच्छीमार सोसायट्या आणि देवस्थानं यांच्याविषयी नेहमी विचारलं जातं. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम बँकेच्या खटल्यात म्हटलं. मोठं सरकारी अर्थसाहाय्य किंवा भरीव नियंत्रण दाखवावं लागतं. तरी वाट बंद होत नाही, कारण ‘माहिती’च्या व्याख्येत एक सोय आहे: खासगी संस्थेची जी माहिती एखादं सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याखाली मिळवू शकतं, ती त्या कार्यालयाकडून मागता येते. सोसायटीचं लेखापरीक्षण सहकार खात्याच्या निबंधकाकडे मागा. देवस्थान ट्रस्टने सादर केलेले हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे मागा. डिझेल परताव्याचे कागद मत्स्यव्यवसाय खात्याकडे मागा. सोसायटीच्या सचिवाशी भांडण्यात वर्ष घालवण्यापेक्षा हा रस्ता जवळचा आहे.

अर्ज लिहिताना

राज्याच्या कार्यालयांसाठी जोडपत्र ‘अ’चा नमुना आहे. फी १० रुपये, बहुतेक जण कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखल्याची प्रत जोडल्यास फी नाही. प्रतींना ए-फोर आकारात पानाला २ रुपये. महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. बंधारा, रेशन आणि शाळेची इमारत एका अर्जात कोंबली तर नाकारायला आयतं कारण मिळतं. तीन विषय असतील तर तीन अर्ज करा.

कारण सांगायची गरज नाही. कलम ६(२) नुसार संपर्कासाठी लागणाऱ्या तपशिलापलीकडे काहीही विचारता येत नाही. खिडकीवर ‘कित्याक व्हयी तुका ही माहिती?’ असं कुणी विचारलंच तर नम्रपणे सांगा की कायद्यानुसार कारण द्यावं लागत नाही, आणि पोच मागा. आवक शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच जपून ठेवा, पुढचा प्रत्येक दिवस तिच्यावरून मोजला जातो. गावात कुणी अर्ज टाकला हे सगळ्यांना चटकन कळतं आणि त्याचा त्रास होऊ शकतो. ज्यांना ती काळजी आहे त्यांच्या घरच्या मुंबईतल्या कुणीही स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा. भारताच्या कुठल्याही नागरिकाला कुठल्याही गावाची माहिती मागता येते, तिथला रहिवासी असण्याची अट नाही. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे, पण खालचं प्रत्येक कार्यालय त्यावर सापडेलच असं नाही.

बंधाऱ्याच्या अर्जाचा मजकूर असा लिहिता येईल:

‘विषय: मौजे (गावाचे नाव) येथील समुद्राकडील धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काम. कालावधी: १ एप्रिल २०२३ पासून अर्जाच्या दिनांकापर्यंत. तपशील: सदर कामाच्या पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. १) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश २) मंजूर अंदाजपत्रक ३) कार्यारंभ आदेश व करारनाम्यातील दोषदायित्वाविषयीचे पान ४) मोजमाप पुस्तिकेतील सर्व नोंदी ५) ठेकेदारास अदा केलेली देयके ६) गुणवत्ता चाचणी अहवाल. या कागदांत कोणाचा आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक अथवा मोबाईल क्रमांक असल्यास तो झाकून उर्वरित भाग कलम १० नुसार द्यावा.’

शेवटचं वाक्य नीट पाहा. ते का घातलं, ते पुढे येईलच.

तीस दिवस

उत्तराची मुदत ३० दिवस. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. समुद्रात गेलेल्या होडीच्या शोधाविषयी किंवा कोठडीत असलेल्या नातेवाइकाविषयी अर्ज असेल तर वरच ‘कलम ७(१) नुसार जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित’ असं ठळक लिहा. प्रतींचे पैसे भरा असं पत्र आलं तर पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून पैसे लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). उशिरा आलेल्या उत्तरात हजार रुपये मागितले असतील तर हे कलम दाखवा.

नकार आला तर तो वाचायचा कसा?

नकार देताना अधिकाऱ्याने कारण, अपिलाची मुदत आणि प्रथम अपिलीय प्राधिकारी कोण हे लिहायलाच हवं. कारण फक्त कायद्यातलंच चालतं. बहुतेक कारणं कलम ८ मध्ये आहेत, त्यांना अपवाद किंवा सूट म्हणतात: देशाची सुरक्षा, व्यापारी गुपित, विश्वासाच्या नात्याने मिळालेली माहिती, चालू तपास, आणि व्यक्तिगत माहिती. ‘फाईल गहाळ आहे’ हा अपवाद या यादीत नाही. तसं उत्तर आलं तर फाईल कधी, कुणाच्या ताब्यातून गहाळ झाली आणि शोधासाठी काय केलं याच्या नोंदी मागा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख जपणं ही कार्यालयाची जबाबदारी आहे. ‘चौकशी चालू आहे’ हेही तेवढ्यावर पुरत नाही. माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने सांगावं लागतं. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर असतो.

त्रयस्थ पक्ष म्हणजे तुम्ही आणि कार्यालय यांच्याखेरीज तिसरा कुणी, जसं ठेकेदार किंवा रिसॉर्टचा मालक. त्याने गोपनीय म्हणून दिलेली माहिती तुम्ही मागितलीत तर अधिकारी त्याला पाच दिवसांत नोटीस देतो, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात आणि निर्णय ४० दिवसांच्या आत व्हायला हवा. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. त्रयस्थ पक्षाने ‘देऊ नका’ म्हटलं की विषय संपला असं अर्जदाराला सांगितलं जातं. त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं, त्याला नकाराधिकार नाही. सीआरझेडमधल्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रातल्या, बांधकामाची परवानगी, तिच्यासोबतचा नकाशा आणि अटी हे शासनाचे निर्णय आहेत.

खासगीपणाचं कलम, आणि त्यात झालेला बदल

हा भाग सावकाश वाचा.

माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून (तेव्हा जम्मू-काश्मीर वगळता) देशभर लागू झाला. त्यात कलम ८(१)(ञ) होतं, इंग्रजी क्रमाने ‘जे’. सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसलेली, किंवा एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी करणारी व्यक्तिगत माहिती देऊ नये, मात्र व्यापक लोकहित असेल तर द्यावी, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे तोल कलमातच होता. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नये, असंही तिथे लिहिलेलं होतं. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या सेवेतल्या कारवाया आणि मालमत्तेचे तपशील व्यक्तिगत मानले. तेव्हापासून हे कलम नकारासाठी वारंवार वापरलं जाऊ लागलं.

२४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं हे कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते अमलात आलं. आता तिथे व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहितीला सूट, एवढंच उरलं आहे. सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही ही कसोटी तिथून गेली, संसद-विधिमंडळाचं वाक्यही गेलं.

माझ्या मते गावपातळीवर याचं नुकसान मोठं आहे. कुठल्याही सरकारी कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. लाभार्थ्यांची यादी, मस्टर, पंचनामा, परवाना, या सगळ्यांना ‘व्यक्तिगत’ म्हणणं आता सोपं झालं आहे. पण कायद्यात अजून तीन आधार शिल्लक आहेत आणि ते अर्जातच वापरले पाहिजेत.

पहिला आधार कलम ४, म्हणजे स्वतःहून प्रकट करणे. प्रत्येक प्राधिकरणाने १७ बाबी न मागताच प्रसिद्ध करायच्या असतात. त्यातली बारावी बाब अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचे तपशील. तेरावी बाब सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रं मिळालेल्यांचे तपशील. या कलमाला दुरुस्तीने हात लावलेला नाही. जून २०२० च्या ‘निसर्ग’ आणि मे २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळानंतर घरं, नारळी-पोफळीच्या बागा आणि होड्या यांच्या भरपाईच्या याद्या झाल्या. अशा यादीविषयी अर्ज करताना ‘कलम ४(१)(ख) मधील बाब १२ नुसार प्रसिद्ध करणे बंधनकारक असलेली लाभार्थी यादी’ असं लिहा. डिझेल परताव्यालाही हीच बाब लागू पडते, नौकांच्या परवान्यांना तेरावी.

दुसरा आधार कलम ८(२), व्यापक लोकहित. अपवादात बसणारी माहितीसुद्धा, ती उघड करण्यातलं लोकहित झाकण्यातल्या हिताहून मोठं असेल तर देता येते. कलमात ‘देता येईल’ अशी भाषा आहे, म्हणून लोकहित काय आहे ते तुम्हीच दोन वाक्यांत दाखवून द्यायला हवं. ‘भ्रष्टाचार झाला आहे’ हे पुरेसं होत नाही. ‘यादीत एकाच घर क्रमांकावर तीन नोंदी आहेत, आणि वाडीतील पडलेल्या घरांचे पंचनामे होऊनही त्यांची नोंद नाही’ हे पुरेसं होऊ शकतं. कारण सांगायची सक्ती नसली तरी इथे सांगण्यात अर्जदाराचाच फायदा आहे.

तिसरा आधार कलम १०, विलगीकरण. कागदाचा एखादा भाग झाकण्याजोगा असेल तर तो झाकून बाकीचा द्यायचा असतो. वरच्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य यासाठी होतं. भरपाईच्या यादीतून तुम्हाला कळून घ्यायचं असतं ते नाव, वाडी, नुकसानाचा प्रकार आणि रक्कम. आधार आणि बँक खातं यांचा त्या हिशेबात काही उपयोग नाही. तुम्ही आपणहून ते सोडून दिलंत तर ‘संपूर्ण यादी व्यक्तिगत आहे’ या नकारातला जोर जातो. तरीही नावं नाकारली तर वाडीनिहाय लाभार्थ्यांची संख्या, एकूण रक्कम, पात्रतेचे निकष आणि नामंजुरीची कारणं ज्या कागदांत आहेत ते मागा. ग्रामसभेत तेवढ्यावरही बोलता येतं.

आणि खरोखरचं खासगी आहे त्याला हात लावू नका. शेजाऱ्याच्या आजाराचे कागद, सुनेचा पगार, चुलत्याचं बँक खातं यांच्यासाठी हा कायदा नाही. कोकणात सामायिक सातबारावर वीस-पंचवीस नावं असतात आणि भाऊबंदकीत आरटीआयचा वापर पुष्कळ होतो. अशा प्रत्येक अर्जाने खऱ्या लोकहिताच्या अर्जाकडे पाहण्याची अधिकाऱ्यांची नजर बिघडते.

तुमचा स्वतःचा डेटा

नव्या डेटा कायद्यातले मोजके शब्द माहीत हवेत, कारण किनाऱ्यावर घरोघरी होमस्टे झाले आहेत. ज्याची माहिती आहे ती व्यक्ती डेटा प्रिन्सिपल. ती माहिती का आणि कशी वापरायची हे ठरवणारा डेटा फिड्युशियरी. पाहुण्यांच्या आधारकार्डाचे फोटो मोबाईलमध्ये ठेवणारा तारकर्लीचा होमस्टेवालासुद्धा त्यात येतो. संमती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते. ती मागणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याचा पर्याय असायला हवा, म्हणजे मराठीत आणि कोंकणीतसुद्धा. आपला डेटा काय ठेवलाय ते विचारणं, चूक दुरुस्त करून घेणं, काम संपल्यावर पुसायला लावणं आणि आपल्यामागे हे हक्क कुणी वापरायचे ते नेमणं, हे हक्क प्रिन्सिपलला आहेत. तक्रार डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे जाते. मोठ्या कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

यातली मुख्य बंधनं नियम जाहीर झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर थांबायचं कारण नाही. पाहुण्याकडून आधारचे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या, आणि ओळखपत्रांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. आरटीआयमधून मिळालेल्या यादीलाही हेच लागू करा. ती ग्रामसभेत मांडा, पण चुकून कुणाचा खाते क्रमांक झाकायचा राहिला असेल तर आधी तो काळा करा.

अपील

उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ते त्याच प्राधिकरणातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. अपील लिहिताना कार्यालयाविरुद्धचा राग बाजूला ठेवा. कुठला मुद्दा, काय उत्तर आलं, ते कुठल्या कलमाच्या विरुद्ध आहे, एवढ्या तीन गोष्टी मुद्दावार लिहा. सुनावणीला जाणं जमत असेल तर जरूर जा. पुष्कळदा अधिकारी तिथेच फाईल उघडून दाखवतात आणि काम पुढे सरकतं.

तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र ‘क’, पुन्हा २० रुपये. राज्याच्या कार्यालयांसाठी ते राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईत बेलापूरला जातं. इथे वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा. अर्ज, पोच, उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश, सगळं तारखेच्या क्रमाने लावून पानांना क्रमांक द्या.

कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यांत गल्लत करू नका. अर्ज घ्यायलाच नकार दिला, मुदतीत उत्तर दिलं नाही किंवा जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर तक्रार करता येते. पण तक्रारीवर आयोग शास्ती, म्हणजे दंड, लावू शकतो, माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या खटल्यात सांगितलं. शास्ती दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, आणि ती अधिकाऱ्याने स्वतः भरायची असते. कागद हवा असेल तर दुसरं अपील करा आणि त्यातच शास्तीची मागणी जोडा. अपिलामुळे तुमचं आर्थिक नुकसान झालं असेल, जसं बेलापूरला येण्याजाण्याचा खर्च किंवा बुडालेली मजुरी, तर कलम १९(८)(ख) नुसार भरपाईही मागता येते. ती मागणी अपिलाच्या शेवटच्या परिच्छेदात रकमेसह लिहा आणि तिकिटं सोबत लावा.